किनाऱ्यावर मॉडेल विमान उडवताना सिग्नल का तुटतो आणि दोष कसा शोधायचा

मॉडेल विमान पडलं की मैदानावर पहिला शब्द ऐकू येतो तो 'इंटरफिअरन्स'. टॉवरमुळे झालं, कुणाच्या तरी वायफायमुळे झालं, समोरच्या बोटीच्या रडारमुळे झालं. उडवणाऱ्याला हे कारण सोयीचं पडतं, कारण ते सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. पण २.४ गिगाहर्ट्झच्या आजच्या रेडिओवर बाहेरच्या लहरींनी विमान पडणं तसं विरळाच. कोकणात तर पहिला संशय घ्यावा खाऱ्या हवेवर आणि आपल्याच विमानातल्या वायरिंगवर. म्हणून शोधाचा क्रम असा ठेवा: आधी विमानातली वीज, मग अँटेना, मग विमानातलीच इतर उपकरणं, आणि सगळ्यात शेवटी जागा व बाहेरचे रेडिओ. हा क्रम उलटा केला तर माणूस मैदानं बदलत राहतो आणि गंजलेली पिन विमानातच राहते.

आधी लक्षण नीट बघा

जुन्या २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या एफएम सेटवर बाहेरचा गोंगाट थेट सर्व्होपर्यंत (विमानाची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरपर्यंत) पोचायचा. विमान थरथरायचं, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची हलती पाती) मधूनच झटका द्यायचे. २.४ गिगाहर्ट्झवर तसं होत नाही. इथे रिसीव्हर प्रत्येक डेटा-पॅकेट तपासतो आणि खराब असेल तर टाकून देतो. सिग्नल गेलाच तर सर्व्हो शेवटच्या जागी थांबतात किंवा फेलसेफमध्ये, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या जागी, जातात. म्हणून २.४ च्या विमानात सर्व्हो फडफडत असेल तर तो इंटरफिअरन्स नव्हे. सर्व्होतला पोटेन्शिओमीटर झिजलाय, पिन सैल आहे किंवा व्होल्टेज डळमळतंय.

टेलिमेट्री (विमानाकडून ट्रान्समीटरला परत येणारी माहिती) असेल तर निम्मं काम तिथेच होतं. दोन आकडे बघायचे. आरएसएसआय सांगतो सिग्नल किती जोरात येतोय, आणि एलक्यू सांगतो शंभरातली किती पॅकेट धड पोचली. दोन्ही एकत्र घसरत असतील तर अंतर, अडथळा किंवा अँटेना. आरएसएसआय उत्तम पण एलक्यू कोसळतोय, तर मात्र त्याच पट्ट्यात दुसरं कोणीतरी ओरडतंय, आणि इंटरफिअरन्स हा शब्द वापरायला हीच जागा. दोन्ही आकडे छान असताना टेलिमेट्री क्षणात गप्प झाली आणि दोन-तीन सेकंदांनी परत आली, तर रिसीव्हरची वीजच गेली होती. याला ब्राउनआउट म्हणतात. लॉग ट्रान्समीटरच्या मेमरी कार्डवर साठवायची सोय असेल तर ती कायम चालू ठेवा.

पायरी पहिली: रिसीव्हरला मिळणारी वीज

रिसीव्हर आणि सर्व्हो यांना पाच व्होल्ट देतो तो ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डातला) बीईसी हा वीजपुरवठ्याचा भाग. नऊ ग्रॅमचा साधा सर्व्हो अडकला तर एकटा अर्धा-पाऊण अँपिअर खेचतो. असे चार सर्व्हो जोरदार वळणात एकाच वेळी ताणले की स्वस्त बीईसीचं व्होल्टेज बसतं. बरेच रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास बंद पडतात आणि पुन्हा सुरू होऊन ट्रान्समीटर शोधेपर्यंत विमान माडाच्या शेंड्यावर असतं.

लिनिअर जातीचा बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून घालवतो. पूर्ण चार्ज झालेल्या तीन सेलच्या लिपो बॅटरीवर, म्हणजे १२.६ व्होल्टवर, एक अँपिअर ओढला तर साडेसात वॉट त्या इवल्याशा चिपमध्ये जळतात. चार सेलवर पावणेबारा वॉट. एप्रिलच्या उन्हात बंद फ्युजलाजमध्ये (विमानाच्या धडात) तो तापून स्वतःला बंद करतो. तीन सेलच्या वर जायचं किंवा चारपेक्षा जास्त सर्व्हो लावायचे तर स्विचिंग जातीचा वेगळा बीईसी घ्या, तो रिसीव्हरपासून लांब बसवा, आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून टेप लावून ठेवा, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडणार नाहीत.

तपासणी घरीच होते. पंखा (प्रोपेलर) काढा. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला मल्टिमीटर लावा आणि ट्रान्समीटरच्या दोन्ही काड्या जोरजोरात फिरवा, शक्य असेल तर एलेव्हेटर (शेपटीचं आडवं पातं) हाताने किंचित अडवून. पाच व्होल्टचा आकडा साडेचारच्या खाली जात असेल तर ते विमान उडवू नका. साधा मीटर सूक्ष्म डुबकी पकडत नाही, पण टेलिमेट्रीतलं रिसीव्हर-व्होल्टेजचं किमान मूल्य बरंच काही सांगून जातं. रिकाम्या चॅनेलला ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर लावला की छोट्या डुबक्या भरून निघतात. अपुऱ्या बीईसीवर मात्र तो इलाज नाही.

पायरी दुसरी: मीठ

इथे थोडं रेंगाळू, कारण पुण्या-मुंबईच्या मैदानांवर ऐकलेले सल्ले इथे अपुरे पडतात.

साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळतं. कोकणात रात्री आणि पहाटे हवा बहुतेक वेळा त्याच्या वर असते, पावसाळ्यात तर दिवसभर. म्हणजे भाट्ये किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ उडवून आणलेलं विमान माळ्यावर नुसतं ठेवलं तरी पिनांवरचा मिठाचा थर रोज रात्री ओला होतो आणि गंज चालू राहतो. मे महिन्यात नीट उडणारं विमान दिवाळीत दगा देतं ते यामुळे. मधल्या चार महिन्यांत त्याला कुणी हात लावलेला नसतो, तरी.

बघायचं काय? सर्व्होच्या प्लगमधल्या पिना काळवंडल्यात का, तांब्याच्या तारेला टोकाशी हिरवट-निळसर बुरशीसारखं काही आलंय का, लिपोच्या कनेक्टरचं सोनेरी पाणी गेलंय का. तार सोलून बघितली आणि आत खोलवर काळी निघाली तर ती बदलाच. डाग देताना कथील पकडत नाही, यावरूनही कळतं.

साफ करताना बरेच जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. मीठ अल्कोहोलमध्ये जेमतेम विरघळतं, ते पाण्यातच जातं. म्हणून बॅटरी काढून आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने पिना आणि बोर्ड पुसा, मग अल्कोहोलने पाणी हाकला, आणि पंख्याखाली पूर्ण वाळवा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको. वाळल्यावर प्लगमध्ये सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. रिसीव्हर आणि ईएससीच्या बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या पातळ लेपाचा) थर दिला तर आयुष्य बरंच वाढतं. फक्त कनेक्टर, बटण आणि बॅरोमीटरचं छिद्र आधी टेपने झाका. ठेवायचं असेल तेव्हा रिसीव्हर-ईएससी काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. लोणच्याची रिकामी बरणी चालते, मात्र तेलाचा अंश राहू देऊ नका.

पायरी तिसरी: अँटेना

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून रिसीव्हरच्या बारीक तारेचं फक्त शेवटचं ३१ मिलिमीटरचं उघडं टोक काम करतं. बाकीची तार नुसती वाहक. ते टोक दुमडलं, तुटलं किंवा लांबी वाढवायला कुणी डाग देऊन तुकडा जोडला, तर रेंज गेली. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात लावा, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी नीट बघत राहील. टोकं कार्बनच्या नळीपासून, बॅटरीपासून आणि मोटरच्या जाड तारांपासून दूर ठेवा. कार्बन फायबर लहरी अडवतो. कार्बनचं फ्युजलाज असेल तर टोकं बाहेर काढावीच लागतात.

रिसीव्हरवरचं गोल, नखाएवढं यू.एफ.एल. कनेक्टर साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेलं असतं. उगाच उचकटू नका, आणि बसवल्यावर गरम गोंदाचा एक थेंब बाजूने द्या.

ट्रान्समीटरची अँटेना टोकातून सगळ्यात कमी सिग्नल सोडते आणि बाजूंनी सगळ्यात जास्त. तरी निम्मे लोक ती बंदुकीसारखी विमानावर रोखतात. ती आडवी किंवा उभी ठेवा, विमानाकडे टोक नको. आणि विमान डोक्यावरून मागे गेलं की तुम्हीही वळा. आपल्या शरीरात पाणीच पाणी, पाठ फिरवून उडवलं तर आपणच सिग्नल अडवतो.

पायरी चौथी: विमानातलाच गोंगाट

विमानावर लावलेल्या अॅक्शन कॅमेऱ्याचं वायफाय बंद करा. रिसीव्हरपासून दहा सेंटिमीटरवर २.४ चा ट्रान्समीटर चालू ठेवून वर टॉवरला दोष देणारे पुष्कळ. एफपीव्ही (विमानावरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवणं) करत असाल तर व्हिडिओसाठी ५.८ गिगाहर्ट्झ वापरा. १.२ गिगाहर्ट्झच्या व्हिडिओ ट्रान्समीटरची दुप्पट वारंवारता बरोबर २.४ मध्ये येऊन पडते.

ब्रश मोटर असेल तर तिच्या दोन्ही टर्मिनलांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला ०.०४७ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. दुकानात '१०४' आणि '४७३' मागितले की मिळतात. पेट्रोल इंजिनाचं इग्निशन रिसीव्हरपासून किमान ३० सेंटिमीटर लांब, स्वतंत्र बॅटरीवर, आणि प्लग-कॅप शिल्डेड. पंखांतल्या लांब सर्व्हो-तारा पिळून घ्या आणि फेराइट रिंगमधून दोन-तीन वेढे द्या. २.४ वर याचा फरक थोडा, जुन्या मेगाहर्ट्झच्या सेटवर मोठा.

पायरी पाचवी: जागा

माझी पसंती सड्याला. रत्नागिरी-राजापूर-देवगडकडचे कातळसडे उंच, उघडे आणि बहुतेक वस्तीपासून दूर असतात. पुळणीवर वाळू आणि मीठ दोन्ही विमानात शिरतं, आणि सुट्टीत तर माणसं, कुत्रे, घोडागाड्या. सड्यावर उतरताना विमानाचं पोट खरवडतं हे खरं, पण गवताचा पट्टा शोधता येतो. कातळशिल्पांवरून गाडी नेऊ नका, विमान उतरवू नका. ऑटोपायलट वापरणाऱ्यांना एक सूचना: राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते हे प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी कंपास कॅलिब्रेट करू नका.

आता टॉवर. आपल्याकडे मोबाइल कंपन्या ४जीसाठी २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात, आणि आपला पट्टा सुरू होतो २४०० ला. अगदी भिंतीला भिंत. टॉवर आपल्या पट्ट्यात बोलत नाही, पण जवळून इतका जोरात बोलतो की पुरेसा फिल्टर नसलेला स्वस्त रिसीव्हर बधिर होतो आणि दूरचा ट्रान्समीटर त्याला ऐकू येत नाही. सड्यावर टॉवर हमखास असतो, कारण उंची त्यालाही हवी. टॉवरपासून तीन-चारशे मीटर तरी लांब उभे राहा, आणि मुख्य म्हणजे विमान टॉवरच्या उलट्या बाजूला ठेवा, म्हणजे टॉवर आणि विमान यांच्या मधे तुम्ही. विमान टॉवरजवळ आणि तुम्ही दूर, ही सगळ्यात वाईट मांडणी.

वायफाय तपासायला फोनवरचं कुठलंही वायफाय अॅनालायझर अॅप पुरतं. किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टांनी बाहेर लावलेले राउटर जोरदार असतात. आजचे रेडिओ सतत वारंवारता बदलत उडी मारतात, त्यामुळे दोन-चार राउटरने काही बिघडत नाही. नाताळच्या आठवड्यात तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला हजार फोन जमले असताना मात्र एलक्यू खाली येतो. पहाटे जा.

सुरूचं बन आणि नारळी-पोफळीच्या बागा यांचा त्रास टॉवरपेक्षा जास्त. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतात. विमान सुरूच्या रांगेमागे गेलं की आरएसएसआय एका झटक्यात खाली. सिग्नलला सरळ रेषेभोवती मोकळी जागाही लागते. विमान ४०० मीटरवर असेल तर मधोमध सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येची. ओल्या पुळणीवर माणसाच्या उंचीवरून विमान लांब नेलं की ही जागा जमिनीला टेकते, शिवाय पाण्यावरून परतलेली लहर मूळ लहरीला मधेच छेद देते. इलाज साधा आहे: वाळूच्या उंचवट्यावर उभे राहा आणि विमान लांब असताना उंच ठेवा.

उच्चदाबाच्या तारांची कथा वेगळी. पावसाळा संपल्यापासून इन्सुलेटरवर मीठ साचत जातं, पहाटेच्या दवाने ते ओलं होतं आणि तारा चरचरतात, कधी ठिणग्या दिसतात. हा गोंगाट खालच्या वारंवारतांवर जास्त, २.४ वर जवळपास नाही. जुना २७ किंवा ३५ मेगाहर्ट्झचा सेट वापरणाऱ्यांनी मात्र तारांपासून आणि २०२२ पासून पूर्ण विद्युतीकरण झालेल्या कोकण रेल्वेच्या मार्गापासून लांबच राहावं. विजेचा असा त्रास या किनाऱ्याला नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला उभी केली गेली. ट्राम आल्या १९०७ मध्ये. जागा आधी बदलावी ती अशी. तारेत अडकलेलं विमान काढायला मात्र काठी घेऊन जाऊ नका, महावितरणला कळवा.

बोटींच्या रडारची भीती बरीचशी फुकट. मच्छीमार बोटींवरची छोटी रडार साधारण ९.४ गिगाहर्ट्झवर आणि त्यांचे व्हीएचएफ सेट १५६ ते १६२ मेगाहर्ट्झवर चालतात. बंदराच्या जेट्टीवरून उडवायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

जुने क्रिस्टलचे सेट अजून कोणाकडे असतील तर दोघांचा चॅनेल एक नाही ना, हे सेट चालू करण्याआधी विचारा. फळीवर चॅनेलचे चिमटे लावायची जुनी पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची.

पायरी सहावी: रेंज टेस्ट

प्रत्येक दिवशी, पहिल्या उड्डाणाआधी.

विमान लाकडी स्टुलावर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवा, जमिनीवर नको. गाडीच्या टपावर तर नकोच. ट्रान्समीटर रेंज-चेक मोडमध्ये टाका, त्यात शक्ती मुद्दाम घटवलेली असते. माहितीपुस्तिकेत दिलेलं अंतर, बहुतेक रेडिओंना ३० मीटरच्या आसपास, चालत जा आणि सगळे सर्व्हो हलवा. सोबतीला विमान एकेका बाजूला फिरवायला सांगा. मग विमान घट्ट धरून, पंख्याच्या रेषेत कोणी नाही हे बघून, मोटर अर्ध्या थ्रॉटलवर चालवून पुन्हा तेच करा. मोटर बंद असताना ठीक आणि चालू केल्यावर अंतर ठळकपणे घटलं, तर दोष विमानात आहे, मैदानात नाही.

ईएलआरएस (एक्स्प्रेसएलआरएस ही रेडिओ प्रणाली) वापरणाऱ्यांनी डायनॅमिक पॉवर (शक्ती आपोआप कमी-जास्त करण्याची सोय) बंद करून १० मिलिवॉटवर, १०० मीटरवरचा आरएसएसआय नोंदवावा. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबल घटतो. १०० मीटरला उणे ७० असेल तर ८०० मीटरला उणे ८८. २५० हर्ट्झच्या मोडवर रिसीव्हर उणे १०८ पर्यंत ऐकतो, म्हणजे २० डेसिबल हातात राहतात. हा आकडा विमान आणि जागा लिहून वहीत ठेवा. तीच जागा, तेच विमान, आणि आकडा दहाने उतरला, तर अँटेना किंवा कनेक्टर खराब झालाय. तो दिवस उडवायचा नाही.

पायरी सातवी: फेलसेफ आणि वारा

कारखान्यातून आलेल्या काही रिसीव्हरमध्ये सिग्नल गेला तर थ्रॉटल आहे तिथेच राहतो. हे धोकादायक आहे. थ्रॉटल शून्य, एलेव्हेटर मध्यावर आणि रडर (शेपटीचं उभं पातं) किंचित एका बाजूला असा फेलसेफ ठेवा, म्हणजे विमान घिरट्या घालत जवळच उतरेल. पंखा काढून ट्रान्समीटर बंद करा आणि खरंच तसं होतंय का बघा.

घिरट्या घालणारं विमान वारा नेईल तिकडे जातं. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तेव्हा सिग्नल तुटलेलं विमान पाण्यात. दुपारी खारा वारा उलटा, तेव्हा ते वाडीत, कुणाच्या तरी कौलांवर, आणि मग 'विमान खंय पडला?' म्हणत पोरांची फौज तुमच्या पुढे. म्हणून सकाळी विमान जमिनीच्या अंगाला आणि दुपारी किनाऱ्याला समांतर, पाण्याच्या कडेने ठेवा.

हवेत सिग्नल गेलाच तर ट्रान्समीटर बंद-चालू करू नका, पुन्हा जोडणीत वेळ जातो. ट्रान्समीटर डोक्याच्या वर धरा, अँटेनाचा कोन बदला, थ्रॉटलची काडी खाली आणि बाकी मध्यावर ठेवा. सिग्नल परत आला की विमान आपल्याकडे वळवा आणि लगेच उतरवा. 'एकदाच झालं, आता ठीक आहे' म्हणून पुढे उडवणं नको.

कायद्याचं थोडक्यात

२.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. लांब रेंजसाठी परदेशी दुकानांतून ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल मागवू नका. तो पट्टा इथे मोबाइलचा आहे, म्हणजे त्रास देणारे तुम्हीच ठराल. उप-गिगाहर्ट्झ हवंच असेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ बघा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये करमणुकीसाठीच्या, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलना टाइप सर्टिफिकेटमधून सूट आहे, पण जागेचे नियम लागू आहेतच. चिपी आणि रत्नागिरी विमानतळांभोवती तर नक्कीच. निघण्याआधी डिजिटल स्काय नकाशा उघडून क्षेत्राचा रंग आणि उंचीची मर्यादा बघा.

पडल्यानंतर

विमान उचलण्याआधी फोटो काढा: कुठली पिन निघालीय, अँटेना कुठे आहे, रिसीव्हरचा दिवा कसा लुकलुकतोय. काही रिसीव्हर वीज मधे गेली होती हे दिव्याने सांगतात आणि बॅटरी काढली की ती खूण पुसली जाते. मग लॉग उतरवून घ्या आणि वर सांगितलेल्या क्रमाने वाचा: आधी व्होल्टेज, मग आरएसएसआय, मग एलक्यू.

समुद्रात पडलं असेल तर घाई वेगळी. लिपो ताबडतोब काढा. खाऱ्या पाण्यातून तिच्यातला प्रवाह चालू राहतो आणि ती तासाभरानेही पेटू शकते, म्हणून घरात किंवा गाडीत न नेता उघड्यावर, वाळूच्या बादलीत ठेवा आणि पुन्हा चार्ज करू नका. रिसीव्हर, ईएससी आणि सर्व्हो लगेच गोड्या पाण्यात, मिळालं तर डिस्टिल्ड पाण्यात, दोन-तीनदा बुचकळा. आधीच भिजलेत, त्यामुळे पाण्याने नवं नुकसान होत नाही, वाळलेल्या मिठाने होतं. वाळवल्यावर ते चालू झाले तरी मोठ्या विमानात पुन्हा घालू नका. थर्माकोलच्या छोट्या सरावाच्या विमानात लावा, आणि पहिले चार दिवस रेंज टेस्टचे आकडे रोज लिहा.